आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीविषयी शिकवताना या चुका टाळा

बायबल अभ्यासवर्गात नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा 15वा अध्याय निघाला की एक वाक्य हमखास येतं: “यरुशलेमच्या सभेने जुने नियम काढून टाकले.” असं शिकवू नका. साधारण इ.स. 49च्या सुमारास भरलेल्या मंडळीच्या पुढाऱ्यांच्या त्या सभेपुढचा प्रश्न नेमका होता. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या परराष्ट्रीयांनी (यहुदी नसलेल्यांनी) सुंताही करून घ्यायची का? उत्तर ‘नाही’ असं आलं. पण हा निर्णय कळवणाऱ्या त्याच पत्रात चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या: मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म. पहिल्या तिन्ही थेट ताटातल्या. यहुदी आणि ग्रीक विश्वासणाऱ्यांना एका पंगतीला बसायचं, तर एवढं सांभाळणं भाग होतं. पंगतीभेद पाहिलेल्या आपल्या लोकांना हे चटकन उमगतं. वर्गात इथूनच सुरुवात करा.

अंत्युखिया शहरातल्या मंडळीतला पेत्र आणि पौल या प्रेषितांचा वाद तर बरेच जण संकोचाने उरकतात. पौलाच्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय सावकाश वाचा. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेम मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली आणि तो भीतीने बाजूला झाला, पाठोपाठ पौलाचा सोबती बर्णबाही. पेत्राने तोंडाने शिकवण बदललीच नव्हती, बदलली ती जेवायची जागा. तेवढ्यावरून पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावलं. माझ्या मते या अध्यायाचा जीव इथे आहे. दोन तापट माणसांचं भांडण म्हणून तो सांगितला की सगळं हातचं जातं.

मग कुणीतरी विचारतंच: पौलाने आपल्या सहकाऱ्यांपैकी तीमथ्याची सुंता केली, तीताची का नाही? “पौल सोयीप्रमाणे वागला” असं उत्तर देऊन मोकळे होऊ नका. तीमथ्याची आई यहुदी होती आणि यहुद्यांमध्ये वावरताना अडथळा नको होता. तीत ग्रीक, त्याच्यावर सुंतेची सक्ती होऊ पाहत होती, म्हणून पौल तसूभरही हटला नाही.

ऐक्य म्हणजे एकच रिवाज, हा समजही सोडा. आशिया या रोमन प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या पास्काचा सण (ईस्टर) यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या 14 तारखेला पाळत, वार कोणताही असो, रोममध्ये रविवारी. इ.स. 155च्या सुमारास त्याच प्रांतातल्या स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. तिथला बिशप अनिसेतस याच्याशी चर्चा झाली, कुणीच आपली प्रथा सोडली नाही. तरी अनिसेतसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी मानाने पॉलिकार्पच्या हाती दिला आणि दोघांनी शांतीने निरोप घेतला.

इथून थेट पास्का सगळ्यांनी एकाच दिवशी पाळावा असं ठरवणाऱ्या 325च्या निकेया परिषदेवर उडी मारू नका. मध्ये, 190च्या सुमारास, रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडायला घेतले. लियाँचा बिशप इरेनियस स्वतः रविवार पाळणारा, तरी त्यानेच व्हिक्टरला पत्र लिहून आवरलं. सणाआधी कुणी एक दिवस उपास करतो, कुणी दोन, कुणी त्याहून जास्त, आणि तरीही सगळे एकमेकांशी सलोख्याने राहत आले, याची त्याने आठवण करून दिली.