फिल्टरला टॅक्सी दिसते की नुसता पिवळा रंग?

काळी-पिवळी टॅक्सी आणि रिक्षा वेगळ्या ओळखायला रेझनेट-१८ (फोटो ओळखणारं १८ लेयरचं न्यूरल नेटवर्क) ट्रेन केलंय, अचूकताही चांगली येते. आतले फिल्टर (फोटोत एकेक नमुना शोधणारे आकड्यांचे छोटे चौकोन) मात्र गाडीच बघतात का, हे वेगळं तपासावं लागतं.

पहिल्या लेयरची वेट्स (फिल्टरमधले शिकलेले आकडे) थेट चित्र म्हणून छापता येतात: ६४ फिल्टर, प्रत्येकी ७×७, तीन रंगांचे. वेट्स ऋणही असतात, म्हणून आधी ० ते १ मध्ये बसवा. तिरक्या रेघा, रंगांच्या कडा दिसतील. इमेजनेट या मोठ्या फोटोसंग्रहावर शिकलेल्या तयार मॉडेलवरून सुरुवात केली असेल तर हा लेयर फारसा बदलत नाही. त्यावरून टॅक्सीबद्दल काही कळत नाही. पुढचे ३×३ फिल्टर असे छापून उपयोग नाही, त्यांच्याकडे रंग नाही, आधीच्या लेयरचे चॅनेल (एकेका फिल्टरचं आउटपुट) येतात.

तिथे फोटोंनाच विचारायचं. मॉडेल ईव्हॅल मोडवर (ट्रेनिंग बंद, फक्त तपासणी) टाका, नाहीतर बॅचनॉर्ममुळे (एकत्र दिलेल्या फोटोंच्या सरासरीवरून आकडे जुळवणारा लेयर) त्याच फोटोचे आकडे बॅचगणिक बदलतील. तिसऱ्या लेयर-गटावर फॉरवर्ड हुक (त्या लेयरचं आउटपुट पकडणारं फंक्शन) लावा. २२४×२२४ च्या फोटोमागे २५६ चॅनेल मिळतात, प्रत्येकाचा १४×१४ चा नकाशा. ट्रेनिंगमध्ये नसलेल्या फोटोंवर प्रत्येक चॅनेलचं कमाल मूल्य नोंदवा आणि सर्वांत वरचे नऊ फोटो शेजारी लावा. एका चॅनेलच्या सगळ्या नकाशांना रंगांचं स्केल एकच ठेवा. प्रत्येक नकाशा वेगळा ताणला की थंड फोटोही पेटलेला दिसतो.

नऊही टॅक्सी निघाल्या तरी फिल्टरला 'टॅक्सी' नाव द्यायची घाई नको. काळे-पिवळे पट्टे रंगवलेला दुभाजक दाखवा. तितकंच मूल्य आलं, तर फिल्टर टॅक्सी नव्हे, रंगांची कड ओळखतोय. मग टॅक्सीचा फोटो करडा करून तीनही रंग-चॅनेलमध्ये तोच भरा. मूल्य कोसळलं तर मदार रंगावर.

शेवटी झाकून बघा. ३२×३२ चा चौकोन १६-१६ पिक्सेल सरकवत टॅक्सीचा स्कोअर नोंदवा. १६९ फेऱ्या होतात. चौकोन सरासरी रंगाचा घ्या. काळा घेतलात तर काळ्या-पिवळ्या गाडीवर तो गाडीचाच भाग वाटू शकतो.

इथे मुंबईचा एक खास घोळ सापडतो. बांद्रा-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाहीच, त्यामुळे फोर्टातली दगडी इमारत दिसली की 'टॅक्सी' म्हणायला मॉडेल सहज शिकतं. गाडी झाकून स्कोअर हलत नसेल आणि इमारत झाकल्यावर पडत असेल, तर दोष फोटोंच्या निवडीत आहे. अंधेरी-बोरिवलीतल्या टॅक्सींचे फोटो घाला आणि पुन्हा ट्रेन करा.