सी प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या लॉग लेव्हल ठरवताना

सीमध्ये सतत चालणारी सर्व्हिस लिहायला घेतली की संदेश छापणारा नुसता प्रिंटएफ लवकरच अपुरा पडतो. काही संदेश कायम दिसायला हवेत, काही फक्त बग शोधताना. मग प्रत्येक टीम आपापल्या लेव्हल, म्हणजे संदेशांच्या गांभीर्याच्या पायऱ्या, बनवते. या कामात आल्यापासून मी असा बराच कोड वाचला आणि तपासला आहे. नव्याने येणाऱ्यांनी कुठे सांभाळायला हवं, ते सांगतो.

आधी जे तयार आहे ते नीट बघा. युनिक्सवरचं सिसलॉग, म्हणजे प्रोग्रॅमचे संदेश नोंदवणारी व्यवस्था, १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कामातून उभं केलं. त्यात लेव्हल आठच: ० इमर्जन्सी, मग अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फो आणि ७ डीबग. आकडा जितका लहान, तितकी बाब गंभीर. पायथनमध्ये बरोबर उलट, डीबग १० आणि क्रिटिकल ५०. तिकडून सीकडे आलेल्यांनी तुलनेचं चिन्ह दोनदा तपासावं.

खरी मेख पुढे आहे. डीबगपेक्षाही बारीक 'ट्रेस' हवा, म्हणून ईनममध्ये (आकड्यांना नावं देणाऱ्या यादीत) पुढचा आकडा ८ देणं कुणालाही सुचतं. स्वतःच्या फाइलमध्ये लिहिता तोवर काही बिघडत नाही. पण तोच आकडा सिसलॉग फंक्शनला दिलात, तर तिथे गांभीर्यासाठी फक्त खालचे तीन बिट आहेत. वरच्या बिटांत फॅसिलिटी असते, म्हणजे संदेश कोणत्या प्रकारच्या प्रोग्रॅमकडून आला ते. ८ चे खालचे तिन्ही बिट शून्य, त्यामुळे तो होतो यूझर फॅसिलिटीचा इमर्जन्सी संदेश! सगळ्यात किरकोळ ओळ सगळ्यात गंभीर ठरते, आणि अनेक सर्व्हरवर इमर्जन्सी संदेश लॉग-इन असलेल्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर जातो. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही.

म्हणून आपले आकडे आणि सिसलॉगचे आकडे वेगळे ठेवा. मध्ये स्विच असलेलं एक छोटं फंक्शन लिहा, जे ट्रेसला डीबग म्हणून पुढे पाठवेल. त्या स्विचमध्ये डीफॉल्ट मात्र लिहू नका. मग उद्या कुणी लेव्हल वाढवून तिची केस लिहायला विसरलं, तर जीसीसी हा कंपायलर '-डब्ल्यूऑल' पर्यायासह लगेच वॉर्निंग देतो.

'ऑडिट' किंवा 'पेमेंट' अशी लेव्हल बनवलेली दिसली की मी ती काढायला सांगतो. तो संदेशाचा प्रकार झाला, गांभीर्य नव्हे. लोकल-० ते लोकल-७ या आठ फॅसिलिटी अशाच कामासाठी मोकळ्या ठेवलेल्या आहेत.

नावांना प्रोजेक्टचा उपसर्ग लावाच. ईनममध्ये 'लॉग_डीबग' लिहिलंत आणि सिसलॉगची हेडर फाइलही आली, तर प्रीप्रोसेसर त्या नावाच्या जागी ७ टाकतो आणि कंपायलर अडतो. नुसतं 'डीबग' हे नावही नको, कारण त्याच नावाचा मॅक्रो देऊन बिल्ड करणारे पुष्कळ असतात.

जीलिब ही सी लायब्ररी वापरत असाल तर तिथे लेव्हल म्हणजे क्रमांक नसून एकेक बिट. खालचे आठ बिट जीलिबने स्वतःकडे ठेवलेत, तुमच्या लेव्हल त्यांच्या वरून सुरू होतात. शिवाय जीलिबची एरर लेव्हल कायम जीवघेणी: संदेश छापून प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. एखादी फाइल सापडली नाही, एवढ्यासाठी ती वापरू नये.

लेव्हल किती असाव्यात? माझी कसोटी साधी आहे. रात्रपाळीत लॉग बघणाऱ्याने प्रत्येक लेव्हलला काहीतरी वेगळं करायला हवं: एकीला लगेच उठायचं, दुसरीला सकाळी तिकीट काढायचं, तिसरी नुसती नोंद. दोन लेव्हलवर तो एकच गोष्ट करणार असेल, तर त्यातली एक काढून टाका.

शेवटचं, पण यावर मी अडून बसतो. तुमच्या लॉग फंक्शनला जीसीसीचं फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट लावा, म्हणजे प्रिंटएफसारखी आर्ग्युमेंटची तपासणी तिथेही होते. आणि बाहेरून आलेली स्ट्रिंग फॉरमॅटच्या जागी कधीही देऊ नका, '%एस' लिहून मगच द्या. नाहीतर त्या स्ट्रिंगमधल्या '%एन' ने मेमरीत लिहिता येतं.