जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं सस्पेन्शन: आधी रबर, मग शॉकअप, स्प्रिंगला शक्यतो हात नाही

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००५ सालची आहे. १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, १५० बीएचपी. इंजिन अजून ठणठणीत, पण गेल्या दोन-तीन वर्षांत गाडीची चाल बिघडत गेली. नाशिकच्या द्वारका चौकातून उड्डाणपुलावर चढलो की प्रत्येक जोडावर पुढून ‘धप’ आणि मागून ‘खड’. चैत्रातली गर्दी ओसरली की आईला सप्तशृंगी गडावर घेऊन जातो. नांदुरीपासून वर घाटात प्रत्येक वळणावर गाडी आधी लोळायची, मग सावरायची. मागे बसलेली आई दाराचं हँडल धरून बसायची. तिच्या कमरेला आधीच त्रास आहे. त्याच दिवशी ठरवलं, हे काम स्वतःच्या हाताने आणि नीट करायचं.

मी अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. त्यामुळे प्रेस आणि लेथ हाताशी आहेत. तुमच्याकडे नसतील तर बुश (जोडांमधली रबरी नळकांडी) दाबून घेण्यापुरतं काम एखाद्या वर्कशॉपला द्या. बाकी सगळं घरच्या पार्किंगमध्ये होतं. दोन रविवार धरा, आणि सोबत एक माणूस हवाच.

पहिली गोष्ट: काही विकत घेण्याआधी मोजा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमधली हवा सारखी, टाकी भरलेली, डिकी रिकामी. चाकाच्या मधोमधपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत स्टीलच्या टेपने चारही कोपऱ्यांचं माप घ्या. माझं पुढचं डावं ३६४ आणि उजवं ३७१ मिलिमीटर निघालं. सात मिमीचा फरक म्हणजे एक स्प्रिंग तरी बसलेली किंवा तिची खालची अर्धी वेटोळी तुटलेली. माझ्या गाडीत डावीकडे तेच निघालं. तुटलेला तुकडा खालच्या बशीत तसाच पडून होता, म्हणून बाहेरून पाहून कळत नव्हतं.

मग हाताने तपासणी. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा. पहारीने लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा हात) हलवून बुशकडे टॉर्च मारा. सोबतच्या माणसाला गाडी खाली उभी असताना स्टीअरिंग हळू फिरवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या स्प्रिंगवर तळहात ठेवा. स्प्रिंग गुंडाळून एकदम झटका देत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग संपलं आहे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा चिकट, धूळ धरलेला थर असेल तर पुढे तपासायची गरज नाही. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघण्याची जुनी पद्धत मात्र फार भरवशाची नाही. अर्धे गेलेले शॉकअपही त्यात पास होतात.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक थेट स्प्रिंगपासून सुरुवात करतात. गाडी ३०-४० मिमी खाली आणली की ती दिसते छान, आणि म्हणून चांगली चालेल असं वाटतं. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. गाडी खाली बसवली की लोअर आर्म आडवा राहत नाही, चाकाकडचं टोक वर जातं. त्याबरोबर पुढचं रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, झपाट्याने खाली जातं, गाडीचा गुरुत्वमध्य त्यामानाने कमीच उतरतो. दोघांतलं अंतर वाढलं की वळणावर बॉडीला लोळवणारी तरफ लांब होते. म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच उलटं, आणि ते झाकायला मग आणखी कडक स्प्रिंग. वर शॉकअपची धावही कमी उरते, म्हणून खड्ड्यात गाडी बम्प स्टॉपवर (धाव संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. पावसाळ्यानंतरचा त्र्यंबक रोड ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी सगळं रबर नवं, मग चांगले शॉकअप, स्प्रिंग मूळ उंचीच्याच पण नव्या, दोन्ही बाजूंना जोडीने. वीस वर्षांच्या गाडीत निम्म्याहून जास्त फरक नुसत्या रबराने पडतो, हे मी माझ्या गाडीवर अनुभवलं.

रबरात सगळ्यात महत्त्वाचा लोअर आर्मचा मागचा मोठा बुश. मूळ बुशमध्ये मऊपणासाठी पोकळ खाचा सोडलेल्या असतात. ब्रेक मारल्यावर आर्म मागे सरकतो तो तिथूनच, आणि चाकाची दिशा किंचित बदलते. हा प्लॅटफॉर्म (गाडीचा खालचा मूळ सांगाडा) चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फचा आणि पहिल्या ऑडी टीटीचाही. त्यामुळे टीटीसाठी मिळणारा भरीव रबराचा बुश इथे बसतो, आणि ही जगभर रुळलेली सुधारणा आहे. पॉलियुरेथेनही मिळतं, पण ते ग्रीस सुटलं की कुरकुरतं आणि रस्त्याचा प्रत्येक दाणा स्टीअरिंगमध्ये आणतं. घरच्यांना बसवायची गाडी असेल तर भरीव रबर घ्या. जुना बुश काढण्याआधी तो कोणत्या कोनात बसला आहे त्याची खूण आर्मवर पंचने करा, नवा त्याच कोनात दाबा. माझ्या जुन्या बुशला प्रेसवर अर्धा टन लागायच्या आतच आतली नळी बाहेर आली. रबर लोखंडाला धरूनच नव्हतं. हातात घेऊन वाकवलं तर आतून तपकिरी, भुसभुशीत, वाळलेल्या चिकूसारखं.

यासोबत बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडीचं लोळणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, त्या बारला जोडणारे लिंक रॉड, वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळटोपी, सगळं नवं घ्या. हे भाग शॉकअपच्या मानाने स्वस्त आहेत, आणि नंतर एकासाठी पुन्हा सगळं उघडायला लागतं.

शॉकअपबद्दल थोडं सविस्तर. साध्या ट्विन ट्यूबमध्ये तेल आणि कमी दाबाचा वायू एकाच बाहेरच्या नळीत असतात. सापुताऱ्याच्या वाटेवर हातगडपासून वर सतत वळणं आणि खडबडीत रस्ता लागला की तेल तापतं, त्यात बुडबुडे होतात आणि शॉकअप ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये वायू तरत्या पिस्टनने तेलापासून वेगळा आणि जास्त दाबाखाली ठेवलेला असतो. शिवाय तेलाची उष्णता थेट बाहेरच्या भिंतीतून हवेत जाते. बिल्स्टाईनचा बी४ म्हणजे मूळ भागाच्या जागी बसणारा. बी६ मूळ लांबीचा पण कडक मोनोट्यूब, मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी. बी८ आखूड, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी. मूळ स्प्रिंगवर बी८ लावू नका. मी बी६ घेतले. आणखी एक गोष्ट: आरएसची स्प्रिंग साध्या ऑक्टाव्हियापेक्षा वेगळी आहे, त्यामुळे भाग मागवताना चासी नंबर द्या, ‘ऑक्टाव्हिया’ एवढंच सांगू नका.

आता पुढचं काम. चाकाचे बोल्ट १७ नंबरचे. गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. चाक काढून लिंक रॉड सोडा. एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी स्ट्रटवरून मोकळी करा. कॅलिपर काढलात तर तारेने बांधून टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. बॉल जॉइंट आर्मला धरणारे तीन बोल्ट सोडले की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) खाली यायला जागा होते. ड्राइव्ह शाफ्ट त्या वेळी बाहेरच्या बाजूला फार ओढू नका, आतला जॉइंट निसटतो.

या गाडीत स्ट्रट हबच्या चिरलेल्या नळीत वरून घुसवलेला असतो, एका आडव्या बोल्टने आवळलेला. तो बोल्ट काढला तरी वीस वर्षांच्या गंजाने स्ट्रट हलत नाही. इथे लोक हातोडा घेतात आणि हबचं नुकसान करतात. चिरेत घालून ९० अंश फिरवायचं एक साधं हत्यार लागतं. मी ते टूल स्टीलचं बनवलं, टोक साडेपाच मिमी जाड आणि आठ मिमी रुंद. ते फिरवलं की फट उघडते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, हत्यार फिरवा आणि हब खाली दाबा. स्ट्रट वर सुटतो. स्ट्रट बॉडीला धरणारा वरचा नट २१ नंबरचा, पण फिरवताना मधला दांडा फिरू नये म्हणून सात नंबरची ॲलन की लागते.

स्प्रिंग दाबताना माझं ऐका: स्वस्तातले हुकवाले दोन कॉम्प्रेसर वापरत असाल तर दोन्ही बरोबर समोरासमोर लावा, आळीपाळीने दोन-दोन आटे आवळा, आणि आपलं तोंड स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत कधीच आणू नका. स्प्रिंग बशीतून पूर्ण मोकळी फिरू लागल्याशिवाय स्ट्रटवर स्प्रिंगला धरून ठेवणारा नट उघडायचा नाही. जमत नसेल तर हे एवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या. जोडताना स्प्रिंगचं टोक बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. पहिल्या खेपेला माझं एका बाजूचं टोक बोटभर मागे राहिलं होतं. स्टीअरिंग फिरवलं की ‘टिक’ असा आवाज यायचा, आणि तेवढ्यासाठी सगळं पुन्हा खोलावं लागलं.

मागे सोपं आहे. टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी तुळई; स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. बीमला जॅकने आधार द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट सोडा, बीम हळू उतरवा. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना यावर लक्ष ठेवा. स्प्रिंग हातानेच निघते. वरच्या रबरी गाद्या फाटलेल्या असतील तर मागचा ‘खड’ आवाज तिथलाच असतो. माझ्या गाडीत तसंच होतं.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. आडवा बोल्ट असलेला रबरी बुश गाडी हवेत लोंबकळत असताना कधीही शेवटचा आवळू नका. अशा बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. तो फिरत नाही, पिळतो. लोंबकळत्या अवस्थेत आवळला की तीच त्याची मधली जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळत राहतं. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये एअर गनने भर्रकन आवळून दिले होते. आठ महिन्यांत पुढचे बुश फाटले, त्या वेळी मला कारणच कळलं नव्हतं. सिडकोतले एक वयस्कर मिस्त्री आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी फाटलेला बुश बघून लगेच ओळखलं. म्हणाले, “बाळा, गाडी उभी असते तशी धर आणि मग आवळ. रबराला आधी बसू दे.”

तेव्हा लोअर आर्मचा पुढचा बोल्ट आणि मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट आधी हातानेच लावा. मग चाकाखाली किंवा आर्मखाली जॅक घेऊन सुरुवातीला लिहून ठेवलेल्या उंचीइतकं चाक वर आणा, फेंडरपासून मोजा, आणि मगच टॉर्क रेंच लावा. म्हणून ते माप इतक्या आधी घ्यायचं होतं. लोअर आर्मच्या बोल्टला ७० न्यूटन मीटर आणि त्यापुढे ९० अंश. असे कोनात आवळायचे बोल्ट ताणले जातात, ते एकदाच वापरायचे. नवे आणून ठेवा. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर. बाकीचे आकडे तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, कुणाच्या आठवणीवर नको.

अलाइनमेंट लगेच ढोबळ करा, ३००-४०० किलोमीटर चालल्यावर पक्की. या गाडीत पुढे टो (वरून पाहिल्यास चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) तेवढा जुळवता येतो. कॅम्बरला (समोरून पाहिल्यास चाकाच्या कलण्याला) वेगळा स्क्रू नाही, सबफ्रेम (लोअर आर्म ज्याला बसतात ती चौकट) किंचित सरकवून डावं-उजवं सारखं करतात. मशीनवाला ‘कॅम्बर होत नाही’ म्हणाला तर त्याला सबफ्रेमचं सांगा. छापील रिपोर्ट मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी गाडी जुळली पाहिजे. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाची तपासणी असते. मूळ उंचीच्या स्प्रिंग आणि त्याच जागी बसणारे शॉकअप असल्याने मला कुठे अडचण आली नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवला.

आता मापं: पुढे डावं ३७५, उजवं ३७६. पुलावरच्या जोडांवर अजून कळतं की जोड आला, पण एकदाच, आणि पुढे सरळ. गडाच्या घाटात आई मागे बसून पुड्यातले शेंगदाणे खात होती, हँडलकडे हात गेला नाही.

एक काम राहिलं आहे. पटकन लेन बदलली की मागचा भाग अर्ध्या क्षणाने मागाहून येतो. ते बीमचे दोन मोठे बुश आहेत. ते गाडीवरच ओढून काढावे लागतात, म्हणून एम१४ च्या दांड्याचा पुलर लेथवर बनवायला घेतला आहे. दिवाळीच्या सुट्टीत बीम उतरवायचा.