डेटा सायन्सचा लघुप्रबंध स्वतंत्रपणे कसा पूर्ण करावा

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात लघुप्रबंध हाती घेणारे अनेक विद्यार्थी आधी तंत्र ठरवतात आणि मग त्याला साजेसा डेटा शोधत फिरतात. हा क्रम उलटा करावा. ‘एलएसटीएमने कांद्याच्या दराचा अंदाज’ हे साधनाचे, म्हणजे मालिकेतला क्रम शिकणाऱ्या एका न्यूरल नेटवर्कचे, नाव झाले, विषय नव्हे. याउलट, ‘लासलगाव बाजार समितीतील उन्हाळी कांद्याच्या सर्वसाधारण दराचा सात दिवस आधी अंदाज बांधताना आवकेची माहिती उपयोगी पडते का?’ हा खरा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. मार्गदर्शकांकडे जाताना हा प्रश्न, डेटाचा स्रोत आणि उत्तर कोणत्या मोजमापाने तपासणार हे तिन्ही एका पानावर लिहून न्यावे.

मात्र ते पान लिहिण्यापूर्वी डेटा प्रत्यक्ष उतरवून पाहिलेला असावा. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय दैनंदिन आवक आणि प्रतिक्विंटल किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. वरवर नीटनेटका दिसणारा हा तक्ता उघडल्यावर खरे काम सुरू होते. काही ओळींत किमान दर कमाल दरापेक्षा जास्त नाही ना, कुठे एखादे शून्य गळून १,८०० चे १८० झालेले नाही ना, हे तपासावे लागते. हंगाम बदलताना एकाच दिवशी लाल आणि उन्हाळी अशा दोन्ही कांद्यांचे दर नोंदलेले असू शकतात. त्यांची सरासरी काढल्यास बाजारात कुणीच न दिलेला दर हाती येतो.

रिकाम्या दिवसांकडे विशेष लक्ष द्यावे. लिलाव रविवारी आणि सणासुदीला बंद असतात, संपाच्या काळात बंद राहतात, आणि अमावास्येला लिलाव न करण्याची प्रथाही लासलगावात अनेक वर्षे होती. म्हणजे या जागा योगायोगाने रिकाम्या राहिलेल्या नसतात. त्या भरण्याची सोपी वाटणारी रीत म्हणजे मागच्या-पुढच्या दरांची सरासरी, आणि तीच घातक ठरते: रविवारची जागा शनिवार व सोमवारच्या सरासरीने भरली, तर सोमवारचा दर मॉडेलला रविवारीच कळतो. यालाच डेटा लीकेज म्हणतात. त्याऐवजी शेवटचा ज्ञात दर पुढे न्यावा किंवा फक्त लिलावाचे दिवस मोजावेत. जो मार्ग घेतला तो कारणासह नोंदवावा.

डेटाची विभागणीही काळाच्या क्रमानेच करावी. ओळी पिसून ऐंशी टक्के प्रशिक्षणाला आणि वीस टक्के चाचणीला वाटण्याची वर्गातली सवय इथे चालत नाही. उदाहरणार्थ, २०२१ पर्यंतच्या नोंदींवर प्रशिक्षण, २०२२ वर मॉडेलची निवड आणि २०२३-२४ वर अंतिम चाचणी अशी रचना करता येईल. चाचणीचा भाग मात्र अगदी शेवटी, एकदाच उघडावा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. हे दिवस अपवादात्मक म्हणून वगळण्याचा मोह होईल, पण ते चाचणीत ठेवून त्यांची त्रुटी (अंदाज आणि प्रत्यक्ष दर यांतील फरक) वेगळी दाखवावी. सरकारची अधिसूचना कधी निघेल हे आवकेच्या आकड्यांत दडलेले नसते, आणि तसे स्पष्ट लिहिणे हा कमीपणा नाही.

पहिले मॉडेल अगदी साधे असावे: आज जो दर आहे तोच सात दिवसांनीही राहील. या अंदाजाला मागे टाकणे किती अवघड आहे, हे अनुभवल्यावरच पुढची तंत्रे वापरण्याला अर्थ येतो. नंतर अरिमा (मागच्या दरांवरून पुढचा दर काढणारी सांख्यिकी पद्धत), मग आवक धरून एक्सजीबूस्ट (अनेक निर्णयवृक्ष जोडून अंदाज बांधणारी पद्धत) आणि वेळ उरलाच तर एलएसटीएम. प्रश्न आवकेचा असल्यामुळे एकच मॉडेल आवकेसह आणि आवकेविना चालवून पाहणे हा लघुप्रबंधाचा गाभा ठरतो. त्रुटी रुपये प्रतिक्विंटलमध्ये सांगावी. ती परीक्षकाला कळते आणि कांदा उत्पादकालाही. आर-वर्गाच्या (दरातील चढउताराचा किती भाग मॉडेलने टिपला हे सांगणाऱ्या मापाच्या) उंच आकड्यावर विसंबू नये, कारण अशा मालिकेत आधीचा दर नुसता पुढे ढकलला तरी तो आकडा उंच येऊ शकतो.

सोळा आठवडे हाती असतील, तर सहा डेटासाठी आणि पाच लेखनासाठी राखावेत, असे माझे मत आहे. पद्धतीचे प्रकरण काम चालू असतानाच लिहावे. मूळ फाइलला हात न लावता प्रत्येक दुरुस्ती कोडमधून करावी, कोड गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवावा आणि रोज तीन ओळींची नोंदवही लिहावी. व्यापारी किंवा शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणार असाल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि मुलाखत देणाऱ्यांची संमती आधीच घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तरीही संदर्भसाहित्याचा आढावा स्वतःच्या शब्दांतच मांडावा.

तोंडी परीक्षेपूर्वी संपूर्ण कोड एखाद्या मित्राच्या संगणकावर मूळ फाइलपासून चालवून पाहावा. तेथे निघालेले आकडे छापील तक्त्यांशी जुळले नाहीत, तर बहुधा यादृच्छिक बीज (संगणकाच्या यादृच्छिक निवडीचा आरंभीचा आकडा) निश्चित केलेले नसते किंवा एखाद्या लायब्ररीची आवृत्ती वेगळी असते, आणि हे परीक्षकांसमोर उलगडण्याऐवजी आठवडाभर आधी कळलेले बरे.