जुन्या मोटारसायकलला बसणारा पार्ट कसा शोधावा

मागच्या उन्हाळ्यात पुढच्या चाकातून खरखर यायला लागली. गाडी शंभर सीसीची, १९९४ची. दुकानात जाऊन गाडीचं नाव सांगितलं, दुकानदारानं फळीवरून ६३०१ नंबरचं बेअरिंग काढून दिलं. भर दुपारी घरी येऊन चाक उतरवलं, तर आतून निघालं ६२०२. कधीकाळी कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) बसवला होता आणि त्याचा पत्ता कुठल्याच कागदावर नव्हता. दुकानदार चुकला नव्हता. माझी गाडीच तिच्या नावाची राहिली नव्हती.

तीस वर्षांत गाडी चार-पाच मिस्त्र्यांच्या हातून गेली की असंच होतं. म्हणून आधी पार्ट काढायचा, पुसायचा, त्याच्यावरचं वाचायचं, माप घ्यायचं आणि मग घराबाहेर पडायचं. गाडीचं नाव सगळ्यात शेवटी.

गाडी नक्की कोणती?

आरसी बुक काढा. त्यातलं मॉडेल, बनावटीचा महिना-वर्ष, इंजिन नंबर आणि चॅसी नंबर एका कागदावर उतरवा. मग रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनच्या खालच्या अंगाचा आणि हँडलच्या मानेवरचा नंबर पुसून पडताळा. इंजिन नंबर जुळला नाही, तर इंजिन बदललेलं आहे. मग इंजिनाचे पार्ट त्या इंजिनाच्या मॉडेलचे लागणार, चॅसीचे चॅसीच्या मॉडेलचे. एमएच-१३ची, म्हणजे सोलापूरची, पाटी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत करून घ्यावीच लागते.

नावांचा घोळही समजून घ्या. हिरो होंडाची २०११ मध्ये हिरो मोटोकॉर्प झाली, त्यामुळे जुन्या गाडीचे पार्ट आज हिरोच्या नावाच्या पाकिटात येतात. याच्या उलट गोष्ट जावाची. म्हैसूरचा जुना कारखाना १९९६ला बंद पडला. २०१८ला जावा नावानं आलेली गाडी पाण्यानं थंड होणाऱ्या २९३ सीसी इंजिनाची आहे. टाकीवरचं नाव तेच, पण जुनीच्या इंजिनाला तिचा काहीही उपयोग नाही.

नंबर वाचायला शिका

इथं वेळ घाला, कारण निम्मी पायपीट इथंच वाचते.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४पासून पुढे सरळ पाचानं गुणायचं, म्हणजे ०४ला २० मिमी. ६२०२चं माप भोक १५, बाहेरून ३५, जाडी ११. ६३०१चं १२, ३७ आणि १२. माझ्या हबात ते का गेलं नसतं, हे एवढ्यावरूनच कळतं. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. चाकाला मी रबराचंच घेतो, पाणी आणि धूळ कमी शिरते.

आणि बेअरिंग मोटारसायकलच्या दुकानातच मिळतं असं नाही. आमच्या यंत्रमागाच्या सोलापुरात बेअरिंगची वेगळी दुकानं आहेत. माग असो, पंप असो की चाक, नंबर एक म्हणजे माप एक. अशाच एका दुकानात मी सवयीनं गाडीचं नाव घेतलं, तर काउंटरमागचे काका म्हणाले, "नाव काय सांगलालास बे, नंबर सांग की." मी जुनं बेअरिंग पुढे केलं. त्यांनी अंगठ्यानं ग्रीस पुसलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि अर्ध्या मिनिटात जोड काढून दिली.

ऑइल सीलवर (तेल गळू न देणारी रबरी कडी) तीन मापं असतात: आतलं, बाहेरचं, जाडी. पुसट झाली असतील तर व्हर्नियरनं शाफ्ट आणि सील बसण्याची जागा मोजा. झिजलेलं सील मोजू नका, त्याची आतली रबरी कड पसरलेली असते. चेनवर ४२८ असं लिहिलेलं असतं. पहिला ४ म्हणजे कड्यांमधलं अंतर चार-अष्टमांश इंच, १२.७ मिमी. कड्या आणि पुढच्या-मागच्या दातेरी चाकांचे दात मोजून घ्या. चेन सॉकेट घ्यायचं तर चेन आणि दोन्ही दातेरी चाकं, तिन्ही एकदम घ्यावं.

स्पार्क प्लग मात्र नीट बघा. आट्यांचा व्यास आणि आट्यांची लांबी जुळलीच पाहिजे. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो. आखूड बसवला तर हेडमधल्या रिकाम्या आट्यांत कार्बन साचतो. नंबराचं गणित आणखी वाकडं आहे. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) होत जातो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. म्हणून एका कंपनीचा आकडा बघून दुसरीचा प्लग निवडू नका, तुलनेचा तक्ता मागा.

पार्ट नंबरातली खूण

कंपनीच्या पार्ट नंबरातही भाषा असते. होंडा पद्धतीत पहिले पाच आकडे पार्ट काय आहे ते सांगतात (१३१०१ म्हणजे पिस्टन), मधली तीन अक्षरं किंवा आकडे तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते. यामाहात क्रम उलटा: पहिली तीन मॉडेलची, पुढचे पाच पार्टाचे, पिस्टनला ११६३१. तुमच्या गाडीच्या यादीतला पूर्ण नंबर दुसऱ्या गाडीच्या यादीत जसाच्या तसा सापडला, तर तो पार्ट बिनधास्त घ्या. "सेमच आहे हो" या दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा पुरावा पक्का. जुना नंबर बंद झाला असेल तर त्याच्या जागी कोणता आला, ते शोरूमच्या पार्ट काउंटरवर विचारा.

पिस्टन आणि करंट

ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टनच्या कामात घाई नडते. पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५ असा आकडा असेल तर तो आधीच पाव, अर्धा किंवा पाऊण मिलिमीटर वाढवलेला आहे. १००च्या पुढे बहुतेक गाड्यांना वाव नसतो. आधी ब्लॉक मोजून घ्या, मग पुढच्या मापाचा पिस्टन मिळवा आणि तो हातात आल्यावरच ब्लॉक बोअर करायला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, टाका. बोअरवाला पिस्टन मोजूनच ब्लॉक कापतो. उलटं केलं आणि त्या मापाचा पिस्टन मिळालाच नाही, तर ब्लॉक वाया. दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन बसवायचा विचार असेल तर व्यासावर जाऊ नका. पिनची जाडी, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची आणि व्हॉल्व्हसाठीचे खाचे हे सगळं जुळायला हवं.

विजेच्या सामानात प्लग-सॉकेट जुळलं म्हणजे पार्ट जुळला असं नाही. गाडी ६ व्होल्टची की १२ची, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) एसीवर चालणारा की डीसीवर, हे आधी विचारा. जळलेला सीडीआय सहसा कोणी परत घेत नाही.

कुठं शोधायचं, काय जुनं घ्यायचं

शहरात नाही मिळालं तर पुण्याची नाना पेठ आहे. बुलेटसाठी लोक दिल्लीच्या करोल बागेपर्यंत विचारतात. पार्टाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून दोन बाजूंनी फोटो काढा आणि तो पाठवा. तोंडी वर्णनावर पैसे पाठवू नका.

जुन्या बाजारातून मडगार्ड, हब, लिव्हर, टूलबॉक्स खुशाल घ्या. ब्रेक शू, केबल, टायर, सील कधीच नाही. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं 'नवीन' रबरही नखानं दाबून बघा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते पाकिटातच कडक होतं. नंबर कोरलेलं क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) कागदांशिवाय कितीही स्वस्त मिळालं तरी हात लावू नका.

केबल बसवल्यावर गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आवाज चढला तर एक्सलेटरची केबल आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेनं नेली आहे.

आणि जुन्या-नव्याचं माप जुळेपर्यंत पाकीट फाडू नका. माझं ते ६३०१ अजून टूलबॉक्समध्येच आहे.