पौलाची भाषणं शिकताना या चुका टाळा

बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, म्हणजे ख्रिस्ताचा प्रेषित पौल गावोगावी काय बोलला ते, शिकायला आलेला नवा कार्यकर्ता पहिल्याच आठवड्यात विचारतो, "पौलाचा फॉर्म्युला काय होता?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

एकच भाषण सगळीकडे. हे मीही केलंय. पहिल्यांदा खेड्यात बोलायला गेलो तेव्हा १३ व्या अध्यायातलं अंत्युखिया शहरातलं भाषण घोकून गेलो होतो. मिसर, शमुवेल, शौल, दावीद, सगळं ओळीनं. अर्ध्या तासानं पारावरचे एक बाबा म्हणाले, "पोरा, ह्यो दावीद कुन्या गावचा?" अंत्युखियात पौल यहुद्यांच्या सभास्थानात बोलत होता, शब्बाथाला, म्हणजे त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, नुकतंच नियमशास्त्र वाचून झालेलं. दावीद त्यांच्या घरचाच. पुढच्याच अध्यायात लुस्त्र हे यहुदी नसलेल्या लोकांचं गाव येतं, तिथे दाविदाचं नावही नाही. आहे तो पाऊस, हंगाम आणि पोटभर अन्न. त्या दिवसापासून मी दोन्ही उतारे शेजारी ठेवून, समान शब्द खोडून शिकवतो. फार थोडं खोडावं लागतं.

लुस्त्रातली भाषा नजरेआड करणं. लोक लुकवनी भाषेत ओरडत होते (१४:११). पौलाचा सोबती बर्णबा ज्यूस देव ठरला, पौल हर्मिस देव. त्यांना बळी द्यायला बैल आणि हार वेशीपाशी येईपर्यंत दोघांनी अडवल्याचं दिसत नाही. बहुधा ओरडा कळलाच नसावा. ग्रीक येते म्हणजे सगळं कळतं, असं नाही.

"अथेनैत (अथेन्समध्ये) पौल नापास झाला." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं २:२ ('वधस्तंभावरच्या ख्रिस्ताशिवाय काही जाणायचं नाही') आणायचं आणि म्हणायचं, बघा, तत्त्वज्ञानाचा नाद सोडला त्यानं! अथेनैचा प्रसंग आहे तो कृत्यांचा १७ वा अध्याय शेवटपर्यंत वाचा. दियनुस्य आणि दामारी यांनी विश्वास ठेवला, शिवाय आणखी काहींनी. अथेनैतल्या अरीयपगावर समोर स्तोयिक आणि एपिकूरपंथी हे ग्रीक तत्त्वज्ञ होते, म्हणून पौलानं संदेष्ट्यांऐवजी 'आपण त्याचा वंश आहोत' ही अराटस या ग्रीक कवीची ओळ घेतली. अराटस किलिकियाचा, पौलही तिथल्याच तार्सचा. पण ओळ घेतली म्हणून गोडगोड बोलला नाही; पुनरुत्थानावर आला आणि हशा ओढवून घेतला.

पौलाचं 'सर्वांना सर्वकाही' झालो हे वचन म्हणजे हवं ते बोलणं, असं समजणं. पौलानं आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याची सुंता केली, तीताची होऊ दिली नाही. दोन्ही का, ते सांगता येत नसेल तर हे वचन वापरू नका.

"लोकांच्या भाषेत बोलायचं ना, मग आपणही ओव्या रचू." पुढच्या रविवारपर्यंत! इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स गोव्यात आले १५७९ मध्ये. त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ मध्ये. आमच्याकडे असा उत्साही आला की मी आधी विचारतो, शेवटचं कीर्तन पूर्ण कधी ऐकलंस? बहुतेकदा तो मोबाइल बघायला लागतो.