चौथ्या फळीतला पोरगा आणि स्टार

कॉलेजच्या आइस हॉकीत मी स्वतः चौथ्या फळीत खेळलो, म्हणून प्रशिक्षकांना सांगताना सुरुवात तिथूनच करतो. फॉरवर्डच्या, म्हणजे पुढे खेळणाऱ्यांच्या, तीन-तीन जणांच्या चार फळ्या असतात आणि त्या आळीपाळीनं बर्फावर उतरतात. चौथीतला पोरगा बराच वेळ बाकावर गारठतो. त्याला नुसतं ‘मेहनत करत राहा’ म्हणू नका, नेमकं काम द्या: आपला एक जण 2 मिनिटांच्या पेनल्टीत बाहेर गेला आणि गोलकीपरपुढे आपले चौघंच उरले की शॉटच्या आडवं जायचं, आपल्या गोलजवळचा फेसऑफ (पंच दोघांमध्ये चकती टाकून खेळ सुरू करतो तो) जिंकायचा. त्यानं पक, म्हणजे ती रबरी चकती, अंगावर झेलला, तर व्हिडिओ बघताना तीच क्लिप पहिली लावा. गोल काय, सगळ्यांनी पाहिलेलेच असतात.

स्टारला बर्फावर जास्त वेळ द्याच. सगळ्यांना सारखा वेळ हा न्याय नाही, भाबडेपणा आहे. पण शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण 45 सेकंदांची. तो दीड मिनिट रेंगाळला तर पुढच्या शिफ्टला बाकावर बसवा. प्रशिक्षक असताना मी एकदा कचरलो, सामना हातचा जाईल म्हणून. पुढच्या आठवड्यात त्याच चुकीसाठी चौथ्या फळीतल्या एकाला बसवलं, तर ड्रेसिंग रूममध्ये कुणी माझ्याकडे बघेना.

1980 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेचा प्रशिक्षक हर्ब ब्रुक्सनं बहुतेक कॉलेजच्याच पोरांना घेऊन सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं, तेही छोट्या शिफ्टमध्ये फळ्या फिरवत.

आणि एखाद्याला संघातून वगळायचं असेल, तर भिंतीवर यादी लागण्याआधी त्याला तुम्ही स्वतः सांगा. सहायकाला पाठवू नका.